बुब्लिट्झनं चषक वितळवला

डेलमार बुब्लिट्झनं नेमबाजी क्लबाचा चषक वितळवला तेव्हा तो शुद्धीत होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नंतर गावभर ब्रँडीचं नाव निघालं आणि बिचाऱ्या ब्रँडीचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

जानेवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनात माणसाला दुसरं काम नसतं. बाहेर गुडघाभर बर्फ, तळं गोठलेलं, आणि डेलमार गॅरेजात शेगडीवर शिसं वितळवत बसलेला. पळीनं साच्यात ओतायचं, साचा उघडायचा, बंदुकीची गोळी बाहेर पाडायची, भिंगाखाली धरायची आणि शिवी द्यायची. सकाळपासून शिव्याच चालल्या होत्या. गोळ्यांच्या कडा गोल येत होत्या, अंगावर सुरकुत्या पडत होत्या, आणि बूड तर बघवत नव्हतं. घरी ओतलेल्या गोळीचा सगळा खेळ बुडावर असतो. बूड धारदार आणि सपाट आलं तर गोळी दोनशे यार्डांवर सांगाल तिथं जाते. बूड वाकडं, तर ती शेजारच्या शेतातल्या गाईकडे जाते.

कमी काय पडत होतं ते त्याला ठाऊक होतं. कथील. शिशात थोडं कथील पडलं की धातू साच्याच्या कोपऱ्या-कोपऱ्यात शिरतो. पण डब्यातलं कथील संपलं होतं, आणि हा गडी इतका चिकट की दुकानात भाव विचारून त्यानं फोन दुकानदाराच्या तोंडावर आपटला.

मग त्याची नजर फडताळावर गेली.

चषक शुद्ध कथलाचा नसला तरी जवळजवळ तसाच होता. झाकणाचा, जुना, पोटावर विजेत्यांची नावं कोरलेला. क्लबाची वार्षिक स्पर्धा जो जिंकेल त्याच्या घरी तो वर्षभर राहायचा, आणि सलग तीनदा जिंकेल त्याचा कायमचा व्हायचा. डेलमार सलग दोनदा जिंकला होता. तेव्हा हिशेब सरळ होता: तिसऱ्यांदा जिंकायला चांगल्या गोळ्या हव्यात, चांगल्या गोळ्यांना कथील हवं, आणि तिसऱ्यांदा जिंकलो की चषक आपलाच. आपलीच वस्तू जरा आधी वापरली, त्यात काय बिघडलं? माणसाची बुद्धी चरायला जाते ती अशी, सगळे हिशेब नीट करून.

गोळ्या मात्र अशा उतरल्या की डेलमारच्या डोळ्यांत पाणी आलं. बुडं आरशासारखी. वसंतात त्यानं मैदानावर सराव केला तर पाचच्या पाच गोळ्या एकाच भोकात शिरल्या. त्याची बायको लव्होन दुर्बिणीतून बघत म्हणाली, "एवढं छान कसं काय जमतंय रे तुला?" आणि त्यानं सांगितलं. तेव्हापासून ती त्याच्याशी फक्त जेवणापुरतं बोलत होती.

"हरलास तर?" एवढंच तिनं विचारलं होतं.

"हरत नाही."

"हरलास तर तुला क्लबातनं हाकलतील, डेलमार. मग दिवसभर घरात माझ्या डोक्यावर बसशील. ते मला झेपायचं नाही."

त्यालाही झेपलं नसतं. त्याचे सगळे दोस्त, सगळी भांडणं, सगळे रविवार त्या क्लबातच होते. तिथं जायचं नाही तर जायचं कुठं, ह्या विचारानं त्याची झोप उडाली होती.

स्पर्धेच्या दिवशी क्लबाचा अध्यक्ष नॉर्बर्ट भाजलेल्या सॉसेजचा तुकडा चघळत आला. "चषक कुठाय? टेबलावर ठेवायचा असतो ना."

"घरी राहिला. लव्होन पुसत होती."

"हो," लव्होन म्हणाली. "इतका पुसला की काही उरलं नाही."

नेमबाजी सुरू झाली. ह्या क्लबात जुनी रीत होती. प्रत्येकाजवळ काडतुसाची पितळी पुंगळी एकच. गोळी झाडली की तीच पुंगळी पुन्हा दारूनं भरायची. त्यामुळे घाई कुणाला नव्हती. दहापैकी नऊ गोळ्या झाल्या तेव्हा डेलमार आणि आर्डिस ग्रॉथ बरोबरीत होते.

आर्डिस शेजारच्या बाकावर बसायची. साठीची, तोंडाची फटकळ, बापाचीच बंदूक वापरणारी. तिची दहावी गोळी नेमकी मध्यात गेली. तिनं बंदूक खाली ठेवली आणि डेलमारकडे न बघता म्हणाली, "बाबांचं नाव चारदा आहे त्या चषकावर. त्यांच्या खाली माझं यावं म्हणून बावळटासारखी जन्मभर गोळ्या ओततेय. तू हो बाजूला आता."

डेलमार पुंगळी भरता भरता थांबला. चारदा. रेनहोल्ड ग्रॉथ ही अक्षरं पातेल्यात बुडताना त्यानं पाहिली होती, आणि तेव्हा त्याचं लक्ष फक्त तापमानाकडे होतं.

वारा दाखवणाऱ्या फिती स्थिर होत्या. गोळी निर्दोष होती. घोडा ओढणारा तेवढा ना स्थिर होता, ना निर्दोष. गोळी मध्य सोडून बाहेरच्या वर्तुळात गेली आणि आर्डिस जिंकली.

टाळ्या झाल्या, बियरच्या बाटल्या उघडल्या. नॉर्बर्ट म्हणाला, "चल डेलमार, घरी जाऊन चषक घेऊन ये."

डेलमार उठला. पेटीतला लाकडी ठोकळा काढून त्यानं आर्डिससमोर ठेवला. त्यात उरलेल्या गोळ्या रांगेत उभ्या होत्या.

"हा घे," तो म्हणाला. "वितळवला मी. कथलासाठी."

नॉर्बर्टनं गोळ्यांकडे बघितलं. "आणि बाकीचा?"

डेलमारनं निशाणांमागच्या मातीच्या बांधाकडे बोट दाखवलं.

मागून एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "शिशाला प्रमाण काय धरलंस?"

"पंचवीसास एक."

"मी तिसास एक घालतो."

"म्हणून तर तुझ्या कडा गोल येतात," तिसरा म्हणाला, आणि दोघांची तिथंच जुंपली. नॉर्बर्टला दोघांना गप्प करावं लागलं.

आर्डिस ठोकळ्याकडे बघत होती. "माझे बाबा होते त्याच्यावर."

काहीतरी बरं बोलावं म्हणून डेलमार म्हणाला, "ह्या वर्षात ते जेवढे मध्यात गेलेत ना आर्डिस, तेवढे जिवंतपणीही गेले नव्हते." बोलून झाल्यावर त्याला स्वतःचीच जीभ तोडून टाकावीशी वाटली. कुणाच्या तरी नाकात बियर गेली.

आर्डिसनं एक गोळी उचलली. सवयीनं उलटी केली, बुडावर अंगठा फिरवला, उजेडात धरली.

"बूड चांगलं आलंय," ती म्हणाली, आणि तिथंच, सगळ्यांसमोर रडली.

डेलमारनं टोपीवरचा क्लबाचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. कुणी काढून टाकण्याआधी आपणच गेलेलं बरं. तो गाडीकडे वळला.

"कुठं निघालास?" आर्डिसनं बाहीनं नाक पुसलं. "फावडं तिकडं नाहीये. शेडमध्ये आहे. चाळणही घे."

"आर्डिस, ते सगळं शिशात मिसळलंय गं. पूर्वीसारखा चषक व्हायचा नाही त्याचा."

"चषक कोण मागतंय? माझ्या साच्यात जाऊ दे."

तेव्हा तो बांधावर गेला आणि खणायला लागला. बाकीचे खुर्च्या ओढून, बियर घेऊन त्याच्यामागं बसले. सत्तरीच्या माणसाला माती खणताना बघण्यासारखी करमणूक त्या गावात दुसरी नव्हती. कंबर मोडायला आली तेव्हा त्यानं फावड्यावर टेकून विचारलं, "मग मला क्लबात ठेवणार की नाही?"

आर्डिस चाळणीतली ढेकळं फोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"आधी बाबा वर येऊ देत," ती म्हणाली. "मग तुझं बघू."