धरलेले हात

गोजरबाई दर मंगळवारी मोडनिंबहून एसटीनं सोलापूरला यायची. तिची सहा वर्षांची अंकिता जन्मापासून ऐकू न येणारी. बोलायला शिकवणाऱ्या केंद्राच्या बाकावर तिला मालती भेटली. तिची सईही तशीच. एक कारकुनाची बायको, दुसरी शेतकऱ्याची; पण पोरी हातांनी बोलायला लागल्या आणि आया एका डब्यात जेवायला. दोन वर्षं असं चाललं.

मग सईच्या कानाचं ऑपरेशन झालं, तिला ऐकू यायला लागलं. अंकिताच्या कानाला नसच नव्हती. डॉक्टरांनी हात वर केले. सई पहिल्यांदा "आई" म्हणाली तेव्हा गोजरबाईनंच तिची दृष्ट काढली. त्यानंतर मालती पलीकडच्या बाकावर बसायला लागली, ऑपरेशन झालेल्या पोरांच्या आयांत.

एका मंगळवारी अंकिता धावत सईकडं गेली. खेळायचं का, हातांनी विचारलं. सईचे हात उठले, तोच मालतीनं तिची मनगटं धरून खाली दाबली.

"हात नाही. तोंडानं बोल."

अंकितानं आपलेही हात पाठीमागं लपवले. ते बघून गोजरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सोड तिचे हात."

"गोजरताई, खुणा केल्या तर बोलणं मागं पडतं. इथल्या शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलंय."

"माज्याजवळ बसू नगं, हे बी मॅडमनीच सांगितलंय व्हय?"

मालतीनं मान खाली घातली. "तुमच्यासमोर सईचं कौतुक करायला चोरट्यासारखं वाटतं. आता आपलं सारखं नाही राहिलं."

"मंजे दोन वर्षं तू माज्यासंगं जेवत नव्हतीस. तुज्या सोताच्या दुखण्यासंगं जेवत हुतीस."

पोरीला उचलून ती तडक स्टँडवर गेली. संध्याकाळी चुलीपुढं बसून तिनं सगळं जावेला, मायाक्काला सांगितलं. दोघी एकाच घरात राहायच्या, पण आजवर गोजरबाईनं तिला यातलं अक्षर कळू दिलं नव्हतं.

मायाक्का भाकरी थापता थापता म्हणाली, "ती वंगाळ वागली. पर तू तरी काय केलंस? माज्या पोरास्नी ऐकू येतंय म्हणून मला कदी काय सांगितलं न्हाईस. दोन खुणा तरी शिकवायच्या हुत्यास की."

गोजरबाईला जास्तच राग आला. तिनं मायाक्काचा पिठाचा हात ओढला, मूठ वळायला लावली आणि तिचाच अंगठा तिच्या ओठांशी नेला.

"पानी," ती दात-ओठ खात म्हणाली. "असं. पुन्यांदा कर."