टाकीचे लंघन

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागे जमिनीत अर्धी गाडलेली एक टाकी होती. ताटांत उरलेले अन्न आणि भाज्यांची साले तिच्यात पडत, आतल्या अंधारात कुजत, आणि त्यातून उपजलेला वायू नळीवाटे येऊन त्याच स्वयंपाकघरातील शेगडी पेटवीत असे. टाकलेल्या अन्नानेच नवे अन्न शिजावे, यात टाकी सांभाळणाऱ्या काकांना उपासनेचे पावित्र्य जाणवे.

पत्नी निवर्तल्यापासून काकांचे बोलणे बहुतेक या टाकीशीच होई. घरी त्यांचे हात अजून दोघांपुरता तांदूळ मोजीत. उरलेला भात ते सकाळी डब्यात आणीत आणि सर्वांआधी टाकीच्या मुखात घालीत. "घे, तुझ्या वाटणीचा."

पुढे एका समारंभाचे तेलकट, आंबलेले अन्न घमेलीच्या घमेली आत गेले आणि टाकीचे पोट बिघडले. ज्योत आधी मलूल झाली, मग विझली. टाकीची तपासणी करायला येणाऱ्या अभियंता बाईंनी लगद्यात आम्लता दाखवणारी कागदी पट्टी बुडवली. ती लाल झाली.

"आम्लपित्त झालंय हिला," बाई म्हणाल्या. "चुना मी घालते. पण काका, आता लंघन. मी सांगेपर्यंत एक सालही आत जाता कामा नये. महिनाअखेर ज्योत आली नाही, तर टाकी कायमची बंद करायचं वर ठरलंय."

"आणि मी?"

"लेकीकडे जा की! कधीची बोलावतेय ना?"

बोलावीत तर होतीच. "बाबा, तिथं कोण आहे तुमचं?" असे ती दर रविवारी फोनवर विचारी. "टाकी आहे," असे काका सांगत. लेक हसे. काका हसत नसत.

लंघन सुरू झाले. आचारी येताजाता डिवची, "काय काका, बाईसाहेबांचं पोट दुखतंय की नुसताच रुसवा? इथं सिलिंडर उचलून माझी कंबर मोडली!"

काका ऐकून घेत. परंतु उपाशी टाकीपाशी भरला डबा घेऊन बसणे त्यांना सोसेना. पत्नीच्या अखेरच्या दुखण्यातही, तिचे तोंड मिटलेले असताना, "एवढा घास घे" म्हणत ते चमचा पुढे करीतच राहिले होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि डबा टाकीत रिता केला. मग रोज त्यासोबत सालांची एक बादलीही जाऊ लागली.

आठवड्याने पट्टी पुन्हा लालच निघाली.

"कमाल आहे! कुणी काही घातलं का आत?"

काका आपल्या हातांकडे पाहत राहिले. "उपाशी कसं ठेवायचं हो तिला?"

बाई रागावल्या नाहीत. टाकीच्या कठड्यावर टेकून हळूच म्हणाल्या, "काका, तिला भूकच नाहीये. तुम्ही भरवताय ते तुमच्यासाठी."

त्या संध्याकाळी घरी काकांनी मोजलेल्या तांदळातला निम्मा पुन्हा तांदळाच्या डब्यात ओतला. दाण्यांचा आवाज रिकाम्या घरात फार मोठा वाटला. ते एकटे जेवले. काही उरले नाही. पुढे रोज तसेच.

महिना सरता सरता आचाऱ्याने सवयीने काडी लावली आणि शेगडीने श्वास घेतल्यासारखी निळी ज्योत धरली.

"काका, धावा! बाईसाहेबांचा रुसवा गेला!"

सगळे हसले. बाईंनी पट्टी तपासून मान डोलावली. "टाकी वाचली. आता थोडं थोडं खाऊ द्या तिला. सुरुवात तुमच्या हातानंच होऊ दे."

काकांनी डब्यासाठी पिशवीत हात घातला. पिशवी सपाट होती; हल्ली डबा आणण्याजोगे काही मागे राहतच नव्हते. ते टाकीच्या मुखाशी वाकले. आत कुठेतरी हळूच बुडबुडा फुटला.

"आज तुझ्या वाटणीचं काही उरलं नाही गं," ते म्हणाले, आणि सालांची बादली आणायला वळले.