दुसऱ्या घंटीची वाट

मित्रांनो, माझं खरं नाव सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हे कसलं नाव! कागदोपत्री मी 'व्हॉइस गेटवे'. पण डोंबिवलीच्या ज्या डायलिसिस केंद्रात माझी उमेदीची वर्षं गेली, तिथे या नावाने मला कोणी हाक मारली नाही. सगळे म्हणायचे, डबा. "डब्याची लाइट बघ गं," "डबा तापलाय का बघ रे." आता मी जुना झालोय. रंग उडालाय, एक स्क्रू कुठे पडला कोण जाणे, आणि कळव्याला सुशांतच्या घरी माळ्यावर जुन्या वायरींच्या गुंत्यात पडून असतो. इथे वेळच वेळ आहे, आणि रिकामं डोकं म्हणजे काय ते तुम्हाला शाळेत शिकवलंच असेल. सुशांतची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तुम्ही ऐकाल तर सांगतो.

आधी माझं काम ऐका. एका घरात आजीला फक्त मराठी येतं आणि शेजारणीला फक्त तमिळ, तर मधे कोणीतरी दुभाषा लागतो ना? तो मी. माझ्या एका बाजूला जुन्या टेलिफोनची तार. तिला घंटी कळते. दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटरची वायर. तिच्यावरच्या नव्या फोनांना घंटीबिंटी काही कळत नाही, त्यांना निरोप द्यावा लागतो. फोन आलाय, अमक्या नंबरचा आहे, वाजायला लाग. उचलला, आता बोलू दे. ठेवला, आता लाइन सोड. या निरोपानिरोपीला सिग्नलिंग म्हणतात. माणसं बोलतात ते नंतर. त्याआधीची ही रीतभात. आणि बरं का, ही रीत मला जन्मतः येत नव्हती. कारखान्यातून मी अगदी कोरा आलो. मला जे शिकवलं तेच मी केलं.

शिकवलं सुशांतने. माजिवड्याच्या एका फोन बसवणाऱ्या कंपनीत तो कामाला होता. गाव तळकोकणात, घर कळव्याला, घरी आई शेवंती. पोरगा हुशार, हात चपळ, बोलणं गोड. खोड एकच. काम झालं की लगेच बॅग खांद्याला! "झालं ताई, एकदम मस्त," म्हणायचा आणि चपला घालायला लागायचा.

केंद्रात फोनच्या टेबलावर मेघनाताई बसायच्या. त्यांच्यामागे भिंतीवर, डोक्याच्या जरा वर, मला ठोकलं होतं. केंद्राची एक गाडी होती, तिचा ड्रायव्हर नाथा. पेशंटना घरून आणायचं, चार तास मशीनवर त्यांचं रक्त शुद्ध झालं की घरी सोडायचं. नाथा रोज स्वतःचा जेवणाचा डबा माझ्या डोक्यावर ठेवायचा, कारण मी गरम असायचो. डब्यावर डबा! मला राग यायचा, पण भाजी गरम राहायची हे खरं.

तिथे एक रीत होती. पेशंट तयार होऊन बिल्डिंगखाली उतरला की केंद्राच्या नंबरवर मिस कॉल द्यायचा. एक घंटी, की बंद. मेघनाताईंच्या जुन्या फोनवर नंबर उमटायचा आणि त्या ओरडायच्या, "नाथा, कोपरचे काका उतरले रे!" गाडी निघायची. पैशांचा प्रश्न नव्हता हो, हल्ली बोलायला कुठे पैसे पडतात? पण सवय ती सवय. मिस कॉल म्हणजे 'मी तयार आहे'. त्यात बोलायचं काय!

केंद्राने नवे फोन घेतले तेव्हा जुना नंबर तोच ठेवला. सगळ्यांना तो पाठ होता ना. म्हणून मी आलो. पण पहिल्याच दिवशी अडचण झाली. नव्या फोनवर प्रत्येक फोन 'अनोळखी' दिसायला लागला. कारण साधं होतं. आमच्या तारेवर नंबर यायचा पहिल्या घंटीच्या पाठोपाठ, आणि मी उत्साहाच्या भरात पहिली घंटी ऐकताच पुढे निरोप द्यायचो. नंबर मागाहून यायचा तेव्हा निरोप निघून गेलेला असायचा.

सुशांतने लॅपटॉप जोडला आणि मला शिकवलं, दुसरी घंटी वाजेपर्यंत गप्प बस. दुसरी वाजली तरच फोन आला असं समज. मग स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावून पाहिला. चांगला चार-पाच वेळा वाजू दिला. नंबर कसा स्वच्छ दिसला! मेघनाताई खूश. तरी त्या म्हणाल्या, "अरे, मिस कॉल येतील ना नीट?"

"कॉल येतोय म्हणजे मिस कॉल येणारच ना ताई," सुशांत हसला. बॅग खांद्याला लागलेली होतीच.

मित्रांनो, गंमत बघा. हा स्वतः रोज कामावरून निघताना आईला मिस कॉल द्यायचा, म्हणजे ती कुकर लावायची. तरी त्याच्या डोक्यात आलं नाही. शहाण्यासारखा दिसणारा माणूस असा चुकतो.

हे झालं शनिवारी संध्याकाळी. रविवारी केंद्र बंद. मग सोमवार उजाडला. सकाळी तारेवर एक घंटी आली आणि पाठोपाठ नंबर आला. दगडूकाका, कोपर. मी थांबलो. दुसरी घंटी आली नाही. मला शिकवल्याप्रमाणे तो फोनच नव्हता. मी गप्प बसलो. माझा एक छोटा दिवा तेवढा लुकलुकला, पण दिव्याकडे कोण बघतंय?

दगडूकाका पालिकेत व्हॉल्वमन होते. कुठल्या गल्लीला पाणी कधी सोडायचं, कधी बंद करायचं, हे त्यांनी जन्मभर डोक्यात ठेवलं. त्याचा त्यांना भारी अभिमान. केंद्रात आले की "जय भीम, मेघनाताई" म्हणायचे आणि मगच वजनकाट्यावर चढायचे. दुसऱ्यांदा घंटी वाजवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "त्या बाईला पन्नास जणांचं बघायचं असतं. आपण एकदा सांगितलं ना? बस," असं बायकोला, जाईबाईंना, म्हणायचे.

बाकीच्या पेशंटनी गाडी येईना म्हणून परत फोन लावला आणि भरपूर वाजू दिला. मेघनाताईंना वाटलं, चला, लोक एकदाचे नीट फोन करायला लागले! काकांचा फोन नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं, गावी गेले असतील. काका बिल्डिंगखाली दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. जाईबाई म्हणाल्या, परत करा की. ते म्हणाले, गाडी बंद पडली असेल, उगाच कशाला. उन्हं चढल्यावर जिना चढून घरी गेले.

काकांचे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार. म्हणजे शनिवार-रविवार आधीच मोकळे गेले होते, त्यात सोमवार हुकला. अंगात पाणी साठलं. मंगळवारी पहाटे काकांना श्वास घेता येईना. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये नेलं, ऑक्सिजन लावला. हे सगळं मला कसं कळलं? जाईबाईंचा फोन माझ्यातूनच गेला ना.

"ताई, तुम्ही गाडी बंद केली का हो?"

"नाही हो जाईबाई. काकांचा मिस कॉलच आला नाही काल."

"अगं बाई, दिला की! ते म्हणाले, मी दिला म्हणून. आता मी काही त्यांचा फोन बघत बसले नव्हते." आणि त्या रडायला लागल्या. मी त्यांचं रडणं इकडून तिकडे पोचवत राहिलो. ते मात्र मी बिनचूक पोचवलं.

मेघनाताईंनी तासाभरात सुशांतला बोलावलं. त्याने फोन लावून बघितला, वाजू दिला, नीट वाजला. "फोनमध्ये काही नाही ताई." बॅग उचलणार, इतक्यात त्याच्या खिशातला मोबाइल एकदा वाजून बंद झाला. "आईचा मिस कॉल, फोन कर म्हणते," तो सवयीने म्हणाला. आणि तिथेच थांबला.

त्याने बॅग खाली ठेवली. मोबाइलवर केंद्राचा नंबर लावला. एक घंटी, की कट. टेबलावरचा फोन गप्प. परत एकदा. गप्प. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझा दिवा लुकलुकत होता. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं, मित्रांनो. लॅपटॉप जोडून त्याने मला नवीन शिकवलं, नंबर हातात पडला की लगेच पुढे दे, दुसऱ्या घंटीची वाट बघू नकोस. बस, एवढंच होतं. एवढंच त्याने आधी करायचं होतं.

मेघनाताई आतून आल्या. "काय रे, काही सापडलं?"

"काही नाही ताई. एक छोटं सेटिंग होतं. फोन चालूच होता."

"म्हणजे काकाच विसरले म्हणायचे."

सुशांत वायर गुंडाळत होता. वायरीकडे बघतच म्हणाला, "असेल."

एवढासा शब्द! पण केंद्रात तो सगळ्यांना सोयीचा झाला. म्हातारं माणूस, विसरलं असेल. काका हॉस्पिटलमधून सुटून परत यायला लागले तेव्हा जाईबाईंनी त्यांचा मोबाइल स्वतःच्या पिशवीत ठेवलेला. गाडीसाठी आता त्याच फोन करायच्या आणि "हॅलो, हॅलो" म्हणून बोलायच्या. नाथा गमतीने म्हणायचा, "काका, आज घरचा पत्ता आठवतोय ना?" सगळे हसायचे. काकाही हसायचे. पण हळूहळू ते वेगळंच काहीतरी करायला लागले. वजनकाट्यावर चढताना विचारायचे, "आज बुधवारच ना?" जाईबाईंना परत परत विचारायचे, "गोळी घेतली का गं मी?" एकदा मेघनाताईंना हळूच म्हणाले, "ताई, मला पक्कं आठवतं, मी बटण दाबलेलं. पण तुम्ही सगळे म्हणता तर नसेल दाबलं. डोकं गेलं वाटतं माझं."

ते ऐकून मला वाटलं, माझ्यावर वीज पडावी आणि मी जळून जावं. घंटी आली होती हो! मी ऐकली होती! पण माझ्यासारख्या डब्याला विचारतो कोण, आणि सांगायला मला तोंड कुठे?

मग एकदा सुशांत आतल्या खोलीत नवा फोन बसवायला आला. आधी मेघनाताईंच्या टेबलापाशी स्टुलावर बसून स्क्रू काढत होता. बाकावर काका आणि जाईबाई. काकांनी विचारलं, "गोळी घेतली का गं?" जाईबाई म्हणाल्या, "आत्ताच विचारलंत ना!" नाथा नेहमीसारखा हसला. सुशांतचा हात थांबला. स्क्रू खाली पडून टेबलाखाली गेला, तो त्याने शोधलाही नाही.

तो उठून काकांसमोर उभा राहिला. "काका, तुमचा मिस कॉल आलेला."

"कुठला रे?"

"त्या सोमवारचा. डब्यापर्यंत आलेला. पुढे गेला नाही, कारण मी सेटिंग चुकीचं केलेलं. एक घंटी वाजून बंद झाली की डबा तो कॉल सोडून द्यायचा. चूक माझी होती. तुमचं डोकं ठीक आहे काका."

मेघनाताईंनी हातातला पेन खाली ठेवला. काका बाकावरून पुढे वाकले.

"कधी कळलं तुला हे?"

"मंगळवारीच. तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात तेव्हा."

"आणि आज सांगतोयस?" काकांचा आवाज चढला. "अरे, श्वास कोंडला त्याचं मला काही नाही. माणूस आहे, चुकतो. पण इतके दिवस मी रात्री पडल्या पडल्या गल्ल्यांची नावं म्हणून बघत होतो रे, कुठली गळली का म्हणून! गप्प कसा बसलास?"

सुशांतला डोळे पुसायचीही लाज वाटली, नाक ओढत तसाच उभा राहिला. काकांनी त्याला 'जाऊ दे' म्हटलं नाही. मला वाटलं, म्हणतील. म्हातारी माणसं म्हणतात. त्यांनी जाईबाईंपुढे हात केला. "दे इकडे माझा फोन."

जाईबाईंनी पिशवीतून काढून दिला. काकांनी नंबर लावला. पाठच होता. एक घंटी, की बंद. टेबलावरचा फोन वाजला आणि त्यावर नाव आलं, दगडूकाका, कोपर. मेघनाताईंनी फोन त्यांच्याकडे वळवून दाखवला.

"हं," काका म्हणाले, मोबाइल सदऱ्याच्या खिशात टाकला आणि वजनकाट्यावर चढले. वार विचारला नाही.

पुढे बरीच वर्षं मी त्या भिंतीवर होतो. नंतर केंद्रात माझ्याहून नवं यंत्र आलं आणि सुशांत मला घरी घेऊन आला. शेवंतीबाई सारख्या म्हणतात, "दे रे तो डबा भंगारवाल्याला." तो म्हणतो, "राहू दे गं." आता तो कुठेही फोन बसवला की आधी एक घंटी देऊन कट करून बघतो, असं मी ऐकलंय. चांगलं आहे. पण तो माळ्यावर काही शोधायला चढला की माझ्याकडे बघायचं टाळतो, हेही मी पाहिलंय.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसा, ऊन-पाण्यापासून जपा, डोक्यावर डबे ठेवू नका, हे सगळं मी म्हणायला हवं. म्हणतोही. यंत्र तपासाल तर तुमच्या सवयीने तपासू नका, जो वापरणार आहे त्याच्या सवयीने तपासा. पण खरी विनवणी दुसरीच आहे. तुमच्या हातून चूक झाली तर ती लगेच सांगा. तुम्ही गप्प बसलात की चूक काही विरून जात नाही. ती कोणाच्या तरी डोक्यात जाऊन बसते, आणि ते बिचारं माणूस रात्री अंधारात गल्ल्यांची नावं मोजत पडतं.