रफूची शाल

मित्रांनो, गुहागर तालुक्यातल्या एका देवळाची मी जुनी शाल. वर्षभर लाकडी पेटीत डांबरगोळ्यांच्या वासात पडून असते, उत्सवातल्या कीर्तनाला तेवढी बाहेर येते. पूर्वरंग संपतो, बुवांच्या गळ्यात हार पडतो, बुक्का लागतो आणि मग गावातल्या उच्च शिक्षण घेतलेल्या मुलांची नावं वाचली जातात. एकेकाच्या खांद्यावर मी चढते, उतरते. शाल एकच, पण किती खांद्यांची ऊब माझ्यात साठली आहे! देवाची कृपा, दुसरं काय.

यंदा पेटी उघडली तर मला उंदराने कुरतडलेलं. कारभारी लवूकाका मला घेऊन निशिगंधाकडे धावले. तिने आयटीआयमध्ये शिवणकामाचा कोर्स केला आहे.

रफू करता करता ती म्हणाली, "काका, यंदा माझंही नाव वाचाल? आई दरवर्षी पुढे बसून वाट बघते."

"अगो, ही शाल उच्च शिक्षणाची! माझा मुलगा सागर आयटीआयतून फिटर झाला, त्याला तरी कुठे दिली मी?"

काका मनाने वाईट नव्हते, नियमाला घट्ट होते. निशिगंधा पुढचा टाका घालू लागली. सुई मात्र एकदा तिच्या बोटात रुतली. जी मला सांधते, तिच्याच खांद्याला मी परकी? मला फार वाईट वाटलं.

उत्सवाच्या सकाळी शाळेतल्या मृणालीबाई सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन देवळात आल्या.

"काका, गावात उच्च शिक्षण घेतलेले किती?"

"चार."

"आणि आयटीआयवाले?"

"ते कशाला त्यात?"

"आता धरायचे. राज्याचं उच्च शिक्षणाचं उद्दिष्ट किती गाठलं ते मोजताना ही प्रमाणपत्रंही मोजायची आहेत. हा बघा रकाना."

काकांनी चष्मा पुसला. रकान्यावर बोट ठेवून दोनदा वाचलं.

"म्हणजे आमचा सागरपण?"

"तोही."

काका हळूच पायरीवर टेकले. "बरं झालं गो बाई," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी निशिगंधाचं नाव पुकारलं गेलं. पुढे बसलेल्या तिच्या आईने, कमळाबाईंनी, देवाकडे बघून हात जोडले. बुवांनी मला उलगडलं, तर रफू नेमकं वर! काका ते दुमडायला धावले.

"राहू दे हो काका," निशिगंधा हसली. "त्याचंच तर सर्टिफिकेट आहे माझं."

सगळा मंडप हसला. बुवांनी तिथेच नामाचा गजर धरला. माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, मला जपा, डांबरगोळ्या वेळेवर बदला. पण मला सांधणारे हात त्याआधी जपा. मी अजून पेटीत गेलेले नाही. सागर उद्याच्या गाडीने येतो आहे, आणि काकांनी मला घडी करून बाहेरच ठेवलं आहे.