दंगलीचे पान

मी एका वाचनालयातला जुना संगणक आहे. मित्रांनो, शेजारच्या नव्या यंत्रांपुढे मी बोजड दिसतो, सुरू व्हायला वेळ लावतो, आणि माझ्या पडद्याला आडवा तडा गेलेला आहे. मुले मला टाळतात. हा तडा म्हातारपणाचा नाही, मारामारीचा आहे.

मी नवा असताना ग्रंथपाल रोज सकाळी मला पुसायचे. माझ्यासमोर बसून लोकांनी परीक्षांचे निकाल पाहिले, परदेशी गेलेल्या लेकींशी बोलून डोळे टिपले. "फार गुणी यंत्र आहे हो," असे ग्रंथपाल म्हणायचे तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

मग ती नर्स येऊ लागली.

त्या वर्षी शहरात फुटबॉलच्या सामन्यात दंगल झाली होती. एका बाजूला गोदी कामगारांचा संघ, दुसरीकडे रेल्वे कारखान्याचा. पंचाच्या एका शिट्टीवरून प्रेक्षक मैदानात उतरले. कमरेचे पट्टे निघाले, बाटल्या फुटल्या, बाहेर पळावे तर दार बंद. चार माणसे मेली. नर्सचा धाकटा भाऊ गोदीवाल्यांत बसला होता, त्याच्या मानेत फुटकी बाटली घुसली. त्याला तिच्याच रुग्णालयात आणले. तिने दोन्ही हातांनी जखम दाबून धरली, पण रक्त थांबले नाही.

इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, सगळ्यांनी मिळून लिहायचा. त्यात या दंगलीचे पान होते, जेमतेम दोन ओळींचे. नर्सने 'संपादन' दाबले आणि लिहिले, 'कारखानेवाले खुनी आहेत.' दुसऱ्या दिवशी ते वाक्य गायब! त्याजागी होते, 'गोदीवाल्यांनी माझ्या पोराला तुडवून मारलं.' तिने ते पुसून त्याहून जहरी लिहिले. समोरच्याने तेही पुसले. ती माझ्या कळांवर मुठी आपटायची. एक कळ उखडून थेट भिंतीपाशी उडाली.

शेवटी ज्ञानकोशाच्या जुन्या संपादकांनी पानाला कुलूप घातले, म्हणजे त्यात बदल करणे बंद केले, आणि दोघांनाही कळवले, 'आधी चर्चा पानावर बोला.' चर्चा पान म्हणजे लेखाविषयी आपसात बोलण्याची जागा. हे दोघे तिथेही एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरू लागले.

एका संध्याकाळी नर्सने अशीच एक शिवी टाकली, आणि शेजारच्या संगणकावरून आवाज आला, "कोण आहे ही सटवी?"

नर्सने वळून पाहिले. त्या पडद्यावर तिचीच शिवी होती. समोर रेल्वे कारखान्यातला मिस्त्री बसला होता.

"मी आहे," ती म्हणाली.

मिस्त्री उठला तो खुर्ची उचलूनच. "तुमच्या माणसांनी माझ्या लेकराच्या छातीवर पाय दिले!"

"आणि माझ्या भावाचा गळा कुणी चिरला?"

खुर्ची भिरभिरत आली. नर्स वाकली, आणि घाव माझ्यावर बसला. माझा पडदा कायमचा तडकला. नर्सने टेबलावरची कात्री उचलून मिस्त्रीच्या तळहातात खुपसली. ग्रंथपाल मध्ये पडले, तर मिस्त्रीचा दुसरा हात त्यांच्या तोंडावर बसला. माझ्या कळांवर रक्त सांडले. कुणाचे ते मला कळले नाही.

ग्रंथपालांनी तुटलेला दात तळहातावर थुंकला. "झालं समाधान? आता बसा दोघं."

मिस्त्रीचा हात गळत होता.  सवयीने नर्सचेच हात पुढे झाले. गळ्यातला स्कार्फ काढून तिने जखम घट्ट दाबली. या वेळी रक्त थांबले. तेव्हा ती अशी ओक्साबोक्शी रडली की मिस्त्रीच तिला "अहो सिस्टर, अहो सिस्टर" म्हणू लागला.

ग्रंथपाल सुजल्या तोंडाने म्हणाले, "ज्ञानकोशात तुम्ही दोघंही नवे. नव्या माणसाने आल्याआल्या भांडणाच्या पानावर उडी घेऊ नये. आधी कुठेतरी शुद्धलेखन सुधारा. धूळपाटीवर गिरवा, सरावासाठीच असते ती, तिथे चुकलं तर कुणी रागवत नाही. आणि जे लिहाल त्याला छापील आधार द्या."

"आम्ही डोळ्यांनी पाहिलं, तो आधार नव्हे?" मिस्त्रीने विचारले.

"कोर्टात आहे. इथे नाही. वाचणारा ना तुम्हाला ओळखत, ना मला. त्याला स्वतः पडताळून बघता आलं पाहिजे."

मग दोघे जुनी वर्तमानपत्रे आणि चौकशीचा छापील अहवाल घेऊन माझ्यासमोर बसू लागले. मिस्त्रीचा हात बांधलेला, म्हणून टंकायची नर्स. अहवालात होते की दाराला बाहेरून कुलूप होते, आणि मिस्त्रीचा मुलगा गर्दीच्या रेट्याने त्या दारावर चेंगरला होता. "म्हणजे कुणी मुद्दाम नाही मारलं?" मिस्त्रीने दोनदा विचारले आणि तो उठून खिडकीपाशी गेला.

नर्सचे वाक्य त्याहून अवघड होते. 'बाटली कोणी मारली हे सिद्ध झाले नाही.' तिने ते लिहिले, पुसले. पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. शेवटी डोळे मिटून चर्चा पानावर 'जतन करा' दाबले. तिथला मजकूर आणि आधार पाहून संपादकांनी कुलूप काढले, आणि तो मजकूर पानावर गेला.

मित्रांनो, आता मला भंगारात द्यायचे ठरले आहे. मला नीट वापरा असे मी कशाला म्हणू? पण सगळ्यांनी मिळून लिहिलेले पान मात्र जपा. ते मोडायला एक बोट पुरते, आणि उभारायला शत्रूशेजारी बसावे लागते. काल जे घडले त्यावरून सांगतो.

काल कुणीतरी ते सगळे पान पुसून लिहिले, 'गोदीवाल्यांना बरंच झालं.' नर्स कामावर होती. मिस्त्री एकटाच आला. त्याने पानाचा इतिहास, म्हणजे जुन्या बदलांची नोंद, उघडली आणि आधीचा मजकूर परत आणला. मग त्या अनोळखी माणसाला लिहिले, 'तुम्ही नवे दिसता. राग कळतो मला. आधार असेल तर चर्चा पानावर या, मी भेटेन.'

नंतर तो मेलेल्यांची नावे बोटाने एकेक वाचू लागला. मुलाच्या नावावरून पुढे सरकला आणि त्याखालच्या नावावर थांबला. त्याने खिशातून फोन काढला.

"सिस्टर, कामात आहात का? एकच विचारायचं होतं. तुमच्या भावाच्या नावातली वेलांटी पहिली की दुसरी?"