मागल्या वर्षीचा आकडा

मित्रांनो, मेढ्याच्या एसटी स्टँडसमोर चारुलताबाईंचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथे खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं एक जुनं कटऑफचं पुस्तक लटकतं. ते मी.

माझा जन्म साताऱ्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात झाला. मागल्या वर्षी इंजिनिअरिंगच्या कुठल्या कॉलेजात शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलला मिळाला, ते सगळं माझ्या पोटात आहे. पहिल्याच आठवड्यात दोनदा कुणीतरी मला पिशवीत घालून नेलं, म्हणून चारुलताबाईंनी मला भोक पाडून सुतळी ओवली. तेव्हापासून माझं जग हातभर. पोरं माझ्या ओळींवरून बोट फिरवायची. कुणाचा चेहरा खुलायचा, कुणाचा पडायचा. "पुस्तक काय म्हणतंय?" असं आईबाप विचारायचे. खोटं कशाला सांगू, तो मान मला आवडायचा.

यंदा जुलैत संयोगिता आली. सोबत तिचे वडील लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. संयोगिताला पुण्याच्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटर शिकायचं होतं. तिला सत्त्याण्णव पूर्णांक आठ पर्सेंटाइल होते. माझ्या पानावर त्या जागेसमोर अठ्ठ्याण्णव पूर्णांक एक.

लालासाहेबांनी त्या ओळीवर नख टेकवलं. "बघ. पुस्तकात न्हाई बसत. पसंतीचा पयला नंबर सांगलीला दे. तितं मामा हाय, आन आकडाबी बसतोय. पुणं दोन नंबरला घाल."

"आबा, पुणं वर घालू या. नाही मिळालं तर खाली सांगली आहेच की."

"वरचा नंबर वाया घालवायचा व्हय? हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नये."

चारुलताबाई म्हणाल्या, "दादा, नंबर वाया जात नसतो. यादी वरून खाली बघतात. आणि पहिल्या नंबरचं मिळालं की दार बंद. पुढच्या फेरीत बसताच येत नाही."

"ताई, बावीस वर्सं नकाशा बघून चाललोय. हे तर छापील हाय."

छापील म्हणजे मी, मित्रांनो. मी मागल्या वर्षीचं आहे, यंदाचं मला काही ठाऊक नाही, हे सांगायला मी तळमळत होतं. पण मला तोंड नाही, आणि त्या गजापासून हलायची सोयही नाही. फॉर्म पक्का करायचा ओटीपी लालासाहेबांच्या फोनवर आला. त्यांनी फोन हातभर लांब धरला आणि एकेक आकडा खणखणीत वाचला. संयोगिताने मान खाली घालून तो टाइप केला.

आठ दिवसांनी यादी लागली. सांगली मिळाली आणि दार बंद झालं. पुण्याची ती जागा यंदा सत्त्याण्णव पूर्णांक सहालाच संपली होती.

संयोगिताने पडद्यावरच्या त्या आकड्यावर बोट ठेवलं. "मला मिळालं असतं," ती एवढंच म्हणाली.

लालासाहेब चारुलताबाईंकडे वळले. "ताई, मागं फिरवता येतंय का काय?"

"नाही, दादा."

"सायबाला जाऊन भेटलो तर?"

"साहेबच नाही, दादा. सगळं मशीन करतं."

लालासाहेब पोरीशेजारच्या स्टुलावर टेकले. "पुस्तकाची चूक न्हाई. तू लांब जाशील म्हून माजंच काळीज लय बारीक झालं हुतं. आकडा नुसता निमित्ताला."

"आबा," संयोगिता म्हणाली, "मेढ्यातनं पुणं जवळ आहे. सांगलीच लांब आहे."

"ठावं हाय," लालासाहेब म्हणाले. "पर तितं मामा हाय. पुण्यात आपलं कोन हाय?"

मित्रांनो, मला जरूर वाचा, पण मला घाबरू नका. मनातलं नाव सगळ्यात वर लिहा; सांभाळून घ्यायला खालचे नंबर असतात. आणि फॉर्म पक्का करण्याआधी शेजारी बसलेल्या माणसाला एकदा विचारा, तुम्हाला भीती नक्की कशाची वाटते?