पहिलं नाही

लासुर्ण्याच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला आमचं पत्र्याचं चर्च आहे. आमच्या मंडळीत कुणाचं नाव पंच म्हणून सुचवलं, की त्या माणसानं तीनदा नाही म्हणायचं, अशी रीत आहे. पहिल्यांदा मान खाली घालून, ‘मी लायक नाही’ एवढंच. दुसऱ्यांदा कारण द्यायचं. गुडघे, म्हैस, सुनेचं बाळंतपण, काहीही चालतं. तिसऱ्यांदा गप्प बसायचं. मग शेजारचा माणूस दंडाला धरून उठवतो, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि मंडळीला एक नम्र पंच मिळतो. एका पाहुण्या पाळकांनी विचारलं, हे बायबलात कुठं आहे?

“पेत्रानं बी येशूला तीनदाच नाकारलं की,” मंडळीतली जुनी ठमाबाई म्हणाली. “तरी मंडळी त्याच्यावरच बांधली.”

पाहुणे पाळक पुन्हा आले नाहीत.

आमच्या भागात कारखान्याच्या निवडणुकीला माणूस विचारायच्या आधीच हो म्हणतो. देवाच्या घरात तरी थोडं वेगळं असावं, एवढाच आमचा हेतू.

तात्याबा साळवे हे आमचे मुख्य पंच. पाळकसाहेबांकडे तालुक्यातल्या आणखी मंडळ्या असल्यामुळे ते महिन्यातून एकदा येत. बाकीचे रविवार, आजारी, मयत, बारसं आणि भांडणं तात्याबांकडे. आता त्यांचं वय झालं होतं आणि आपल्यामागं हे सगळं मंडळीतल्या उत्कर्षानं बघावं, एवढंच त्यांना हवं होतं. देवाकडे ते दुसरं काही मागत नसत, असं त्यांची बायको तक्रारीच्या सुरात सांगे.

उत्कर्षा बारामतीच्या एका लॅबमध्ये नोकरीला. तात्याबांनी तिला तिच्याच स्कूटीच्या मागं बसून तयार केलं. आजाऱ्यांच्या घरी सुरुवातीला ते बोलत आणि ती ऐके. पुढं ती बोलू लागली आणि ते चहा पिऊ लागले. बांधावरून अबोला धरलेल्या दोन घरांना तिनं नाताळच्या जेवणात एकाच पातेल्यातले बटाटे सोलायला बसवलं. बटाटे संपेपर्यंत अबोलाही संपला. तात्याबांना हे कधी जमलं नव्हतं. ते दोन्हीकडं जाऊन प्रार्थना करून येत.

तोंडी सूचना त्यांनी एकच दिली होती. “तुझं नाव निघंल तवा लगीच व्हय म्हणू नगं. लोकं म्हंतील, पोरगी हपापलीया.”

“माहीत आहे, तात्याबा. तिसऱ्यांदा गप्प बसायचं.”

“शाब्बास.”

मग बारामतीला शिबिर झालं. विषय, स्थानिक मंडळीत प्रभावी नेतृत्वाचा विकास. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकांच्या गालाला माइक चिकटवलेला होता, त्यामुळे त्यांचे दोन्ही हात मोकळे होते आणि ते त्यांनी वापरले. जेवणाआधी ते म्हणाले, “आपल्याकडे माणसाला ओढून खुर्चीत बसवतात. मग तो आयुष्यभर कुढत सेवा करतो. कुणी नाही म्हणालं, तर त्या नाहीचा मान ठेवा.”

सगळ्यांनी लिहून घेतलं. तात्याबांनी नाही. त्यांना स्वतःची निवड आठवत होती. ठमाबाईच्या नवऱ्यानं त्यांचा दंड असा ओढला होता, की सदऱ्याची बाही उसवली. आपल्याला खरंच पंच व्हायचं होतं का, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही नाही. पानातला मसालेभात तसाच राहिला. उत्कर्षा मागच्याच रांगेत होती आणि मन लावून ऐकत होती, हे त्यांनी वळून पाहिलं होतं. न वळते तर बरं झालं असतं.

पुढच्या महिन्यात पाळकसाहेब आले तेव्हा उपासनेनंतर सभा भरली. तात्याबांनी आपण मोकळे होत असल्याचं सांगितलं. ठमाबाईनं उत्कर्षाचं नाव सुचवलं. उत्कर्षा उठली, मान खाली घातली आणि म्हणाली, “मी लायक नाही.”

छानच म्हणाली. ठमाबाईनं पुढच्या आग्रहासाठी घसा साफ केला. तेवढ्यात तात्याबांनी हात वर केला.

“थांबा. पोरगी न्हाय म्हणली. शिकलेली हाय, शिबिराला आली हुती. तिच्या न्हायचा मान ठिवू.”

“आवं तात्याबा, पहिलंच हाय की हे!”

“वढून बसवायचा काळ गेला, ठमाबाई. मला इचारा.”

उत्कर्षा उभीच होती. अशा वेळी बसायचं कधी, हे रीतीत नव्हतं.

मग ऋषिराजचं नाव निघालं. त्याचा मंडप आणि साउंडचा धंदा. माणूस मनानं चांगला, फक्त मन मोठ्या आवाजात आहे. तो म्हणाला, “व्हय, करतो की.” असं आमच्याकडे कधी घडलंच नव्हतं. काय करायचं ते कुणाला कळेना, म्हणून टाळ्या वाजल्या. मागून कुणीतरी “बिनविरोध!” असं ओरडलं, आणि आमच्या भागात या शब्दापुढं कुणाचंच चालत नाही. पाळकसाहेबांनी ऋषिराजच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात काही परत घेता येत नाही.

महिन्याभरात रस्त्यावर फ्लेक्स लागला. त्यात ऋषिराज होता आणि प्रभू येशूही होता, उजव्या कोपऱ्यात. आजाऱ्यांना ग्रुपवर फुलांचं चित्र जाऊ लागलं. उत्कर्षा दर रविवारी येत राहिली, आणि तात्याबांना तेच जास्त लागलं. एका रविवारी उपासनेनंतर त्यांनी तिला लिंबाखाली, स्कूटीजवळ गाठलं.

“पोरी, तुझं त्या दिवशीचं न्हाय खरं हुतं का?”

“कुठल्या दिवशीचं?”

“आता येड पांघरू नगं.”

ती ओढणीच्या टोकानं आरसा पुसत राहिली. “पहिलं होतं, तात्याबा. मला वाटलं अजून दोन आहेत. दुसऱ्यासाठी लॅबच्या ड्युटीचं कारण तयार ठेवलं होतं.”

“आन् शिबिरात तू मागंच हुतीस की. मला वाटलं, त्येंचं ऐकून बोललीस.”

“ते पुण्याच्या नाहीबद्दल बोलत होते.”

तात्याबा हसायला गेले, जमलं नाही.

“मग तवाच सांगायचं, मला व्हायचंय म्हणून.”

“सगळ्यांसमोर? पोरगी हपापलीया म्हणाले असते.”

आत ऋषिराज संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी माइक तपासत होता. हॅलो, हॅलो, चेक.

“माझं चुकलं, पोरी.”

“तुम्ही मानच ठेवला, तात्याबा.” ती हे सरळच म्हणाली, टोमणा नव्हता, आणि त्यामुळं ते आणखी वाईट झालं. मग म्हणाली, “बारामतीच्या मंडळीनं विचारलंय, पंच होशील का. फोनवर. पुढच्या रविवारपासून तिकडं.”

“किती येळा इचारलं?”

“एकदाच. मी हो म्हणून टाकलं.”

तात्याबांनी कालव्याकडं पाहिलं. कालव्याला पाणी सुटलं नव्हतं, त्यामुळे बघण्यासारखं काही नव्हतं.

“तुम्हाला कळस गावात जायचंय ना, आजाऱ्याकडं?” उत्कर्षा म्हणाली. “बसा, सोडते.”

“नगं, नगं. तुला उशीर हुईल.”

“बरं,” ती म्हणाली, आणि गेली.

तात्याबांचा एक पाय स्कूटीवर बसायला उचललेलाच होता.